एका दमाचा चढाव

लटारूचा डोळा पत्रू मिस्त्रीच्या हातावरून हटत नव्हता. बॉनेट उघडं, वैशाखाचं ऊन डोक्यावर, अन् हा मानूस सकाळपासून आपल्या डिझेल ट्रकाच्या चाकाजवळ उकिडवा बसून पाहून राह्यला का मिस्त्री काय खोलते, काय लावते अन् खोललेलं कुठी ठेवते. मिस्त्री लोकायचं तुमाले मालूमच आहे राजेहो. चांगला पुर्जा काढतील, सडका ठोकतील, अन् वरून म्हनतील गाडीच जुनी आहे.

पन पत्रू काही काढतच नव्हता. तो लावूनच राह्यला होता, अन् लटारूले त्याचाच जास्त भेव वाटे. रॉकेलचे दोन डबे एकाले एक जोडले, त्याईच्या बाजवा कापून जाळी ठोकली, अन् जाळीवर वाळ्याची टट्टी गुंडाळली, साहेब लोकं उनाळ्यात खिडकीले लावून पान्यानं भिजवतात, तीच. डबे मडगार्डाजवळ बांधले अन् त्याईच्यातून एक नळी थेट इंजनाच्या हवेच्या तोंडाले नेली. जोडाले सायकलचा फाटका ट्यूब आवळला. झालं काम.

मिस्त्रीचं म्हननं असं का इंजन बॉनेटखालची उकळती हवा ओढते, म्हनून चढावावर त्याचा दम तुटते. थंडी हवा देल्ली तं जोर येईन. शहरात यासाठी काय काय सामान भेटते म्हने, पन ते आपल्या आवाक्यातलं नाई. आपल्या नाल्यात वाळा फुकट आहे.

लटारू म्हने, साहेबाले वाळ्याखाली झोपाचं रायते, माह्या गाडीले सागाचे लठ्ठे वाहाचे आहेत. मंग त्यानं टट्टी हुंगून पाह्यली. डाकबंगल्याची तं नाई ना? पत्रू म्हने, बायकोनं विनली, सुकरीनं, घरी चाल अन् विचार. पानी इंजनात गेलं तं? पानी बाहेर रायते, हवाच आत जाते. अन् मजुरीचं काय? गाडी वर चढू दे, मंग बोलू.

हे ‘मंग बोलू’ लटारूले काट्यावानी टोचलं.

पन इलाज नव्हता. आलापल्लीच्या वाटेवरच्या त्या चढावावर एका महिन्यात तीनदा गाडी अर्ध्यात बंद पडून बसली होती. तिन्ही डाव लठ्ठे उतरवा, गाडी वर न्या, मंग लठ्ठे बैलायनं ओढा. ठेकेदाराचे दिवानजी गुनवंतराव वरच्या लाकडाच्या डेपोवर बसत. त्याईनं काल निरोप धाडला होता का भरली गाडी एका दमात वर आली पाह्यजे, नाईतं परवापासून वरोऱ्यावाल्याची गाडी लागते. अन् लटारूजवळ दुनियेत ही एकच गाडी.

बावीस लठ्ठे भरले. पत्रू मडगार्डावर चढून बसला, मांड्यात पान्याचं मडकं, हातात गडवा. लटारूनं त्याले मुद्दाम आपल्या नजरेसमोर बसवलं. काही बिघडलं तं हा उडी मारून जंगलात पळन, त्याले पक्कं वाटे.

गाडी निंघाली. पत्रू टट्टीवर गडवा गडवा पानी शिंपे. लटारू एक डोळा रस्त्यावर ठेवे, एक त्याच्या पायावर. चढाव लागला. पहिली उभी चढन गेली. मंग ते बेहड्याचं झाड, जिथी गाडी दरवेळी आचके देत बसे, ते आलं अन् मांगं गेलं. लटारू कान देऊन होता का आता आवाज फाटन, आता फाटन. तो काही फाटला नाई. वाळ्याचा गारगार वास केबिनीत येऊन राह्यला होता, अन् याले वाटे, काहीतरी गडबड आहे बापा.

वर पोचले तं गुनवंतराव मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. उठले. गाडीभोवती एक चक्कर मारला. मडगार्डावर वल्लाचिंब पत्रू पाह्यला, डबा पाह्यला, अन् लटारूजवळ येऊन हळूच म्हनले,

“कुठी उतरवले?”

“काय दिवानजी?”

“लठ्ठे. भरल्या गाडीनं हा चढाव आजवर कोनी एका दमात चढला नाई. वाटेत कोनाले देल्ले ते सांग.”

लटारू सांगाले लागला. डबा, वाळा, थंडी हवा, इंजनाचा दम. सांगता सांगता त्याचा त्यालेच आपला आवाज लबाड लागाले लागला. गुनवंतरावांनी टट्टी हुंगली अन् विचारलं, कोन्या बंगल्याची?

मंग दोर सोडले. एकेक लठ्ठा खाली. दरेकाच्या बुडावरचा जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का माती पुसून पाह्यला, पासावरच्या नंबराशी लावला. बावीसच निंघाले. गुनवंतराव म्हनले, पुन्हा मोजा. पुन्हा बावीस.

त्याईनं शेवटच्या लठ्ठ्याचा शिक्का नखानं खरवडून पाह्यला.

“बावीस बराबर आहेत,” ते म्हनले, “म्हनजे चोरीचं काम लय सफाईचं आहे. उद्याची खेप मी सोता गाडीत बसून आनतो. तोवर वरोऱ्यावाल्याले येऊ नको म्हनत नाई.”

ते बाजेवर जाऊन बसले. लटारू उतरवलेल्या लाकडात उभा होता, जिंकला का हारला ते त्याले समजून नाई राह्यलं. पत्रूनं मडक्यातलं उरलेलं पानी पिऊन घेतलं, तोंड पुसलं अन् त्याच्या कानाशी आला.

“उद्या अर्ध्यात एकदा बंद पाडजो, भाऊ. बसलेली गाडी इमानदार दिसते.”