पुढे चाल

निरवांगीजवळच्या पारधी वस्तीवरल्या आश्रमशाळेच्या मुली यंदा कबड्डीत एकदाही हरल्या नव्हत्या. पण त्यांच्या मैदानावर खेळायला कुठलाच संघ येत नव्हता. पंच दर वेळी ‘पुढे चाल’ देत आणि न खेळताच विजय पदरात पडे. आज इंदापूरच्या संघाचीही वेळ टळून गेली, तशी पंचांनी शिट्टी तोंडाला लावली. कर्णधार रोशनी आडवी आली. “असलं जिंकणं नगं, सर. थोडं थांबा.” तेवढ्यात कालव्याच्या कडेनं मुली पळत येताना दिसल्या. “गाडी बंद पडली,” त्यांची कर्णधार धापा टाकत म्हणाली, “खेळायचं न्हवं?” सारी वस्ती मैदानाभोवती जमली. शेवटच्या चढाईत पाहुण्यांनी रोशनीला कवेत धरून मातीत लोळवलं आणि सामना एका गुणानं गेला. आई धावत आली. “हरलीस की गं!” धुळीनं माखलेली रोशनी हसली. “व्हय आये, पण खेळून हरले!”