गळ्यातली डबी

स्कूटरच्या ब्रेकवर चंद्रभानची बोटं गेली होती. त्याने ब्रेक दाबला नाही.

रस्त्याच्या कडेला मोपेड आडवी पडली होती. शेजारी मातीत एक माणूस गुडघा धरून बसला होता. पँट फाटलेली, कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलेलं. चंद्रभानने त्याला लांबूनच ओळखलं. पाठच्या भावाला ओळखायला चेहरा लागत नाही, बसण्याची ढब पुरते. अंकुश होता.

चंद्रभानच्या गळ्यात पांढऱ्या कापडाची पिशवी होती. पिशवीत सोनेरी डबी, डबीत ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रार्थनेने पवित्र केलेली पातळ भाकर. जरीपटका वस्तीतली इंदूमावशी कंबर मोडून खाटेवर पडली होती, आणि चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की फादर तिच्यासाठी ही डबी चंद्रभानच्या हाती देत. देताना दर वेळी बजावत, "सरळ आजाऱ्याच्या घरी. वाटेत थांबणं नाही, गप्पा नाहीत, भाजी घेणं तर मुळीच नाही."

नियम म्हणजे नियम. प्रभूला छातीशी घेऊन रस्त्यात थांबायचं कसं? शिवाय दोन-चार माणसं जमतच होती, तीच उचलतील. शिवाय... हे दुसरं 'शिवाय' त्याने मनातही पुरतं होऊ दिलं नाही. अंकुशच्या मुलीने, पायलने, चर्चबाहेर लग्न लावलं, त्याला दोन वर्षं होत आली. चंद्रभान त्या लग्नाला गेला नव्हता. घरच्यांनाही जाऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून अंकुश चर्चची पायरी चढला नव्हता आणि भावाभावांत शब्द नव्हता.

स्कूटर जवळून गेली तेव्हा दोघांची नजर भेटली. अंकुशने हात उचलला. चंद्रभानने मान फिरवली आणि गाडी पुढे काढली.

इंदूमावशीच्या घरी सगळं मांडून ठेवलेलं होतं. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर इस्त्रीचं पांढरं फडकं, एक पेटलेली मेणबत्ती. मावशीने डोक्यावर पदर घेतला होता.

"या मामाजी," मावशीची सून श्वेता म्हणाली. "आई सकाळपासून वाट पाहून राहिल्या. शुक्रवारचं तुमचं कीर्तन सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण यांचं मनच भरत नाही."

"भरंल कसं?" मावशी म्हणाली. "सांगाले बसते अन् सोताच हासत सुटते. म्हणे मामाजीनं याजकाची चाल अशी काढली, अशी काढली, का फादरच्या डोयातूनबी पाणी आलं! चंद्रभान, मले एक चरण तं ऐकव गा. मंग प्रभूले घेते."

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातलं ते कीर्तन, येशूच्या दृष्टांतावरचं. वाटेत लुटला गेलेला, अर्धमेला पडलेला प्रवासी, आणि त्याला चुकवून पुढे गेलेला मंदिराचा पुजारी, याजक. झग्याची टोकं दोन बोटांत उचलून, नाक वर करून चंद्रभान मंचाच्या कडेकडेने चालला होता. टाळकरीसुद्धा टाळ विसरून हसले होते. त्या रात्री त्याला स्वतःच्या गळ्याचा मोठा अभिमान वाटला होता.

त्याने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सूर लावला.

"याजक आला, याजक गेला,
मंदिराची घाई त्याला..."

पुढचा शब्द आलाच नाही.

"काहून थांबला गा?" मावशी म्हणाली. "आवाज बसला का?"

"मावशी, रस्त्यात अंकुश पडला होता."

"अगं माय! मंग?"

"मी थांबलो नाही."

श्वेता भिंतीला टेकली. मावशीने विचारलं, "काहून?"

"डबी होती न गळ्यात. फादरनं सांगतलं आहे, रस्त्यात थांबाचं नाही म्हणून."

मावशीने त्याच्या गळ्यातल्या पिशवीकडे पाहिलं. नुसती पाहत राहिली. तिने वाद घातला असता तर चंद्रभानने उत्तर दिलं असतं, कीर्तनकार माणूस, शब्दाला शब्द होता त्याच्यापाशी. पण ती पाहतच राहिली.

"खोटं सांगून राहिलो, मावशी," तो शेवटी म्हणाला. "डबी नसती तरी थांबलो नसतो. डबी होती म्हणून सोपं गेलं."

"त्यानं हाक नाही मारली तुले?"

"हात उचलला."

"थांब म्हणून?"

चंद्रभानने तोंडावर हात धरला.

"नाही वो मावशी. त्यानं डबी पाहिली. आरशात दिसलं मले, तशाच रक्ताच्या हातानं क्रुसाची खूण केली अन् मान खाली घातली. मले जाऊ दिलं त्यानं."

मेणबत्तीचं मेण पांढऱ्या फडक्यावर ओघळलं. कुणी ते पुसलं नाही. चंद्रभान उठला. त्याने गळ्यातली पिशवी काढायला घेतली. "ही इथं ठेवतो. मी येतो त्याले पाहून."

मावशीने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

"इथं नोको ठेवू. संगंच ने. मी थांबते तशीच," ती म्हणाली. "प्रभूले तिथंच उतराचं होतं, बाबू. तूच नाही उतरू देलं."