टोपीखाली

उंदीर दीनानाथांच्याच पिशवीतून पडला.

बेटावर उतरण्याआधी छोट्या जहाजाच्या केबिनची दारं लावून घेतली होती आणि सगळे प्रवासी आपापल्या पिशव्या बाकांवर रिकाम्या करत होते. पक्ष्यांचं बेट. तिथे उंदीर सोडाच, गवताचं बी जाता कामा नये, असं मेरे नावाच्या हसऱ्या गाइडनं ऑकलंड सोडतानाच बजावलं होतं. दीनानाथांनी पिशवी झटकली. चिवड्याची पुडी पडली, कोपरा कुरतडलेली, आणि तिच्यामागून तो करडा गोळा.

"माऊस!" कोणीतरी किंचाळलं.

मघाशी डॉल्फिनचं पिल्लू बघून विरघळलेली माणसं आता बूट आपटत होती. मेरेचा झाडू एकदा हुकला, दुसऱ्यांदा बसला. उंदीर गिरकी खाऊन पडला, उठला आणि मागचे पाय ओढत दीनानाथांपाशी आला. त्यांनी काही विचार न करता डोक्यावरची टोपी त्याच्यावर पालथी घातली आणि वर हात ठेवला.

तळव्याखाली काहीतरी धडधडत होतं.

"मी याला परत नेतो. डब्यात घालून. सुरुची, सांग तिला."

त्यांची मुलगी मान खाली घालून चिवडा गोळा करत होती. "बाबा, प्लीज. आज फक्त आराम करायचं ठरलं होतं ना? सगळे बघतायत."

नात पुढे आली आणि टोपीसमोर उकिडवी बसली. सिद्धी शाळेत उंदीर पकडायला शिकली होती. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या घरी गॅरेजमधला पिंजरा तिनंच लावलेला. पिशवी रात्रभर त्याच गॅरेजमध्ये होती.

"आजोबा, यू लेट इट आऊट. डिडन्ट यू?"

"बाळा, जीव आहे तो."

"सो आर द बर्ड्स."

ती रागावलेली नव्हती. मेरेही रागावली नव्हती. तिनं वाकून हळू आवाजात समजावलं. समुद्रात टाकून उपयोग नाही, उंदीर पोहत किनारा गाठतो. गाभण असेल तर एकच पुरते. इथली घरटी जमिनीवर असतात, पिल्लं जिवंतपणी कुरतडली जातात. "तुम्ही हात काढा," ती म्हणाली, "मी करते."

"नो, आय'ल डू इट," सिद्धी म्हणाली. तिनं पायातली एक जॅन्डल, रबरी चप्पल, काढून हातात घेतली होती. "लुक अवे, आजोबा. इट्स ओके."

दीनानाथांनी जॅन्डल धरलेल्या त्या इवल्या मुठीकडे पाहिलं. मूठ जराही कापत नव्हती.

"थांब," ते म्हणाले.

बाकाचा आधार घेऊन ते उभे राहिले. टोपीवर उजवा बूट ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. पापड मोडावा तसा आवाज झाला. तरीही टोपी हलली. मग त्यांनी पाय उचलून टाच हाणली, आणि पुन्हा हाणली, आणि टोपी सपाट झाल्यावरही हाणत राहिले, सुरुचीनं दंड धरेपर्यंत.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सिद्धीनं टोपीची कड उचलून नीट पाहिलं.

"शी वॉज प्रेग्नंट," ती म्हणाली. मग शाळेतल्या बाई म्हणत असतील तशा सुरात, "गुड जॉब, आजोबा."

उतरताना मेरेनं सगळ्यांच्या बुटांचे तळ ब्रशनं घासून घेतले. दीनानाथांचा उजवा जरा जास्त वेळ.

बेटावर पायवाटेनं सगळे पुढे निघून गेले. दीनानाथ उघड्या डोक्यानं मागे राहिले. झाडीतून एक राखी, लांब पायांचा पक्षी खाली उतरला. मूठभरसुद्धा नसेल. इथल्या पक्ष्यांना माणसाची भीती माहीत नाही, असं पुढे मेरे कोणाला तरी सांगत होती. पक्षी टुणटुणत जवळ आला, मान तिरकी करून वर पाहिलं आणि त्यांच्या उजव्या बुटावर चढून लेस टोचू लागला.

"आजोबा, कम ऑन!" वळणावरून सिद्धीची हाक आली.

दीनानाथांना पाय उचलता येईना.