सहावं घर

“प्रयागबाई शेषेराव?” शाळेच्या वऱ्हांड्यातल्या टेबलामागून नव्या मुलीनं हाक मारली, आणि लक्ष्मीबाई “हाव” म्हणून खुर्चीवर जाऊन बसली.

प्रयागबाई तिची थोरली जाऊ. ती सकाळच्या जीपनं लातूरला लेकीकडं गेली होती. आज यायला जमणार नाही असा निरोप द्यायला लक्ष्मीबाई आली होती. पण नाव कानावर पडलं आणि निरोप पोटातच राहिला.

साखर, बीपी, हार्टची दुखणी माणसाला कशानं जडतात हे शोधायला शहरातली माणसं अकरा वर्षं किल्लारीजवळच्या या गावात येत होती. दर पाचवं घर त्यांनी यादीत धरलं होतं. थोरलीचं घर पाचवं आलं, भिंतीला भिंत लागून असलेलं लक्ष्मीबाईचं सहावं. तेव्हापासून वर्षातून एकदा कुणीतरी शिकलेलं माणूस थोरलीसमोर बसून विचारायचं, काय खाता, झोप लागते का, मनाला काही लागलंय का. शेत वाटून घेतलं, म्हशी वाटून घेतल्या, तेव्हा लक्ष्मीबाईला काही वाटलं नव्हतं. हे मात्र तिला सलत होतं.

मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर बुद्धप्रिया असं नाव होतं. “तंबाखू खाता का, मावशी?”

“लई खाते.” थोरलीनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. लागू दे तिच्या नावाला डाग.

“घरात भांडणं होतात?”

“रोज. जावेला लई छळते मी.”

बुद्धप्रियानं एकदा मान वर करून पाहिलं आणि टॅबवर नोंद केली. “गेल्या महिन्यात कधी एकटं वाटलं का?”

इथं लक्ष्मीबाई विसरली, आपण कुणाच्या नावावर बसलोय ते. “वाटतंय की. पोरगं पुन्याला हाय. फोन करतंय, जेवलीस का म्हनतंय. मी तोंड उघडायच्या आत ठेवून देतंय.”

मुलगी टॅबवर लिहीत राहिली. तिनं घाई केली नाही. मग लक्ष्मीबाईला थांबवेना. तळपायाला मुंग्या येतात. रात्री चार-चारदा उठावं लागतं. सकाळी अंगात जीव नसतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, काम करून कुणाला बरं वाटतंय.

सगळं लिहून झाल्यावर बुद्धप्रियानं तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली. “मागच्या वेळेपेक्षा दोन इंच कमी भरतेय.”

“वय झालं की मानूस आखडतंय, पोरी.”

बुद्धप्रिया हसली नाही. तिनं बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मशीनवर आकडा आला, तीनशे अठरा.

“मावशी! गोळ्या बंद केल्या का तुम्ही?”

“कसल्या गोळ्या?”

“साखरेच्या. सात वर्षांपासून चालू आहेत ना...” ती बोलता बोलता थांबली. उंचीचा आकडा तिनं पुन्हा पाहिला आणि टॅब पालथा ठेवला. “तुम्ही कोण आहात?”

लक्ष्मीबाईनं खरं ते सांगितलं. पण मान खाली गेली नाही तिची. थोरलीला साखर! सात वर्षं! एवढा तोरा, आणि आत हे! क्षणभर तिला गार गार वाटलं.

“हे माझ्या तोंडून जायला नको होतं,” बुद्धप्रियाचा चेहरा उतरला होता. “आणि हे सगळं मला पुसावं लागेल. अकरा वर्षांची नोंद आहे. त्यात दुसऱ्याचं रक्त चालत नाही.”

“मग माझं म्हनून लिव्हा की.”

“तुमचं घर यादीत नाही, मावशी.”

तिच्या डोळ्यांदेखत एकेक उत्तर गेलं. तंबाखू गेली, भांडणं गेली, पोराचा फोनही गेला. मग मुलीनं एका कोऱ्या कागदावर लक्ष्मीबाईचं नाव आणि आकडा लिहून दिला. “हा आकडा मात्र तुमचाच आहे. उद्या सरकारी दवाखान्यात जा. खरंच जा.”

दिवस मावळायला थोरली जीपमधून उतरली. लक्ष्मीबाई तिच्या दारातच उभी होती. दुपारपासून एक टोमणा तिनं जिभेवर घोळवून ठेवला होता.

“निरोप सांगितलास का?”

“न्हाई. तुमच्या जागी मीच बसले.” तिनं कागद पुढं केला. “अन् तुमच्या गोळ्यांचंबी कळलं, अक्का.”

प्रयागबाईनं कागद लांब धरून वाचला. आता ती भांडेल म्हणून लक्ष्मीबाई तयार होती. पण थोरली पिशवीसकट उंबऱ्यावरच बसली.

“वेळा आमुशेच्या पुजेला तू शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून खिरीच्या तीन-तीन वाट्या खातीस,” ती म्हणाली. “अन् मी पानी वाटायचा बहाना करून उठते. सात वर्षं झाली. लई जळते गं मी तुज्यावर. वाटायचं, हिला काय दुखनं न्हाई, कुनी टोचत न्हाई, मोजत न्हाई. सुखाची हाय.”

टोमणा जिभेवरच विरला. लक्ष्मीबाई तिच्या शेजारी टेकली. “मग एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं व्हतं की.”

प्रयागबाईनं कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

“तू कवा इचारलंस?”