छपरावरचा मोडेम

रिबेका दोन वर्षं जर्मनीत नोकरीला होती. वडगाव रासाईला फोन लावला की आई भलतीच उत्तरं द्यायची, आणि नदीकाठच्या त्या घरात धड रेंज नाही म्हणून रिबेका हळहळायची. शेवटी तिनं छपरावर बसवायला एक मोडेम आणि त्याला जोडायला छोटा कॉम्प्युटर धाडला. पण कॉम्प्युटर काही मोडेमला ओळखेना. आठवडाभर डोकं खाजवल्यावर तिला सापडलं, कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये, तो मोडेम चालवणाऱ्या ड्रायव्हरचा पर्यायच बंद राहिला होता. तो चालू करून तिनं कर्नल नव्यानं बांधला आणि रांजणगावच्या कंपनीत असलेल्या भावाला, शलमोनला पाठवला. रविवारी चर्चमधून आल्यावर त्यानं तो घरच्या कॉम्प्युटरवर चढवला.

पडद्यावर आईचा चेहरा लख्ख उमटला. रिबेका पडद्याजवळ सरकली.

"आई, येतंय का गं ऐकू?"

"येतंय की, अगदी शेजारी बसल्यागत!" आई हसली.

मग जरा अवघडून म्हणाली,

"पण बाई, आता ठेवता का तुम्ही? माझ्या रिबेकाचा फोन यायचा हाय."