आबांचा बिघाड

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

सिकंदराबादेत, तारनाक्याच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांनी आधी पडद्याकडं पाहिलं, मग सूर्यभानांकडं. सूर्यभान छताकडं पाहत होते.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं होतं. शिकवण्याची पद्धत एकच. रात्री इंजिनात गुपचूप एक बिघाड करून ठेवायचा आणि सकाळी पोराच्या हातात पाना द्यायचा. सापडला तर तो ड्रायव्हर. निवृत्तीनंतर ही पद्धत घरी आली. या घरात नव्या यंत्राला हार-नारळ नसे. यंत्र एक रात्र सूर्यभानांच्या खाटेजवळ राही, आणि सकाळी बिघाड शोधून जो ते चालू करी, त्याचं ते होई. बायको कोंडाबाईंनी मिक्सरमधला बिघाड दोन मिनिटांत शोधला होता, आणि पुन्हा माझ्या मिक्सरला हात लावाल तर भाकरी बंद, असं बजावलं होतं. मुलगा प्रज्ञेशला स्कूटरमधला सापडला नाही. त्यानं ती हबशीगुड्याच्या मेकॅनिकपर्यंत ढकलत नेली, आणि चालू मेकॅनिकनं केली. आज तो विमा कंपनीत मॅनेजर आहे, पण घरात त्या गाडीचं नाव ‘मेकॅनिकची स्कूटर’ असंच आहे.

आता पाळी नातीची होती. निशिगंधा आर्किटेक्चरला होती आणि तिच्या इमारती जुन्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत खऱ्या बांधून झाल्या असत्या. म्हणून तिनं स्वतः कॉम्प्युटर जुळवायचं ठरवलं. महिनाभर सिकंदराबादच्या बाजारात फेऱ्या मारल्या. एकेक भाग पारखून घेतला. रंगीत दिव्यांचा डबा नको, त्याऐवजी चांगला पॉवर सप्लाय द्या, असं ती म्हणाली तेव्हा दुकानदारानं तिच्याकडं आधी आदरानं पाहिलं, मग दुःखानं. काल संध्याकाळी शेवटचा स्क्रू बसवला आणि चालू न करताच, घरच्या रिवाजाप्रमाणं, डबा आबांच्या खाटेजवळ ठेवला.

“मी काय म्हणत होतो?” प्रज्ञेश म्हणाला. “रेडिमेड घे म्हणलो. ऐकलीस? दहा वाजता दुकानाचा माणूस येतोय. तो करील चालू.”

“मग तो त्याचा होईल, बाबा.”

“होऊ दे की. कॉलेजची कामं तर होतील.”

“हौ,” कोंडाबाई आतून म्हणाल्या, “तू बी मेकॅनिकच्या स्कूटरवरच हापिसला जातोस की.”

प्रज्ञेशनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

निशिगंधानं मांडी घातली आणि डब्याचं झाकण काढलं. ती घाबरली नव्हती. बिघाड आबांचा होता; म्हणजे एकच होता, आणि सापडणारा होता. आबांनी कधी काही जाळलं नव्हतं, तोडलं नव्हतं. नुसतं थोडंसं बाजूला केलेलं असायचं. हाच बिघाड स्वतःच्या हातून झाला असता तर ती एव्हाना रडली असती.

तिनं एकेक वायर ओढून पाहिली. सगळ्या घट्ट. मग शेडमध्ये पोरं बोलत तशी ती मोठ्यानं बोलू लागली. तेही तिला आबांनीच शिकवलं होतं.

“करंट येतोय. पंखे ठीक. प्रोसेसर ठीक.” बोर्डाच्या कडेला एक बारीक पिवळा दिवा लागून राहिला होता. तिनं त्याच्याखालचं अक्षर वाचलं. “मेमरीवर अडकलंय.”

सूर्यभान छतावरून खाली आले. म्हणजे त्यांची नजर. एरवी अशा वेळी ते चहा फुर्र फुर्र करत पीत. आज कपावर साय धरली होती.

निशिगंधानं वीज बंद केली, गाल फरशीला टेकवला आणि एक डोळा मिटून मेमरीच्या पट्ट्या पाहिल्या. एक पट्टी एका टोकाला वर होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याइतकी.

“आबा! इतकं बारीक? लई बेरकी हो तुम्ही.”

सूर्यभानांनी मान वाकवून त्या पट्टीकडं पाहिलं.

तिनं दोन्ही अंगठे टेकवले आणि दाबलं. बोर्ड किंचित वाकला. प्रज्ञेशनं डोळे मिटले. कट्ट असा आवाज आला. तिनं पुन्हा बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

“झालं?” प्रज्ञेशनं डोळे मिटूनच विचारलं.

“थांबा बाबा. पहिल्यांदा मेमरी ओळखायला वेळ लागतो.”

अर्धं मिनिट गेलं. कोंडाबाई पीठ लागलेले हात घेऊन दारात आल्या. मग पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एकामागून एक, निवांत.

प्रज्ञेशनं दुकानाच्या माणसाला फोन लावला. “मत आओ भाई! हमारी बच्ची खुद चालू कर दी!” हे तो इतक्या जोरात म्हणाला की फोनची गरज नव्हती. मग त्यानं तेच बिल्डिंगच्या वॉचमनला खिडकीतून सांगितलं. वॉचमननं काही विचारलं नव्हतं.

“मानलं आबा,” निशिगंधा म्हणाली. “आजीला सोपा दिलात, बाबांना मध्यम. सगळ्यात अवघड माझ्यासाठी ठेवलात.”

सूर्यभान खाटेवरून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. शेडमध्ये पास झालेल्या ड्रायव्हरशी करत तसं नातीशी हस्तांदोलन केलं, आणि एकतीस वर्षांत कुणासमोर बोलले नव्हते ते ताठ उभं राहून बोलले.

“पहाटे झाकण काढून तासभर बघत बसलो होतो गं पोरी. कशाला हात लावावा तेच कळंना, म्हणून होतं तसं बंद करून ठेवलं.”