पेरलेला तारा

"तो तारा मी पेरला होता," प्रोफेसर झेनोन म्हणाले आणि त्यांनी बोटांवरची साखर चाटली.

खादाड गुरुवार होता, ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वी गोडधोड खाऊन घ्यायचा दिवस. अख्खं वॉर्सा मुरंबा भरून तळलेल्या गोल, गोड पोंच्कींवर तुटून पडलं होतं, मग वेधशाळा तरी कशी मागे राहील! बोग्नाने हातातली पोंच्की बशीत परत ठेवली.

"पेरला म्हणजे?"

"म्हणजे खोटा. नोंदींत मिसळलेला. जाळं तपासायचं तर एखादा मासा आपणच सोडायचा आणि कोळ्याला सांगायचं नाही. आपली जुनी रीतच आहे ती. आणि तू बरोबर पकडलास! शाब्बास, पोरी!"

वर्षानुवर्षं ती दूरच्या लाखो ताऱ्यांवर डोळा ठेवून होती. मधून एखादं कृष्णविवर सरकलं, तर त्याच्या ओढीने प्रकाश भिंगातून यावा तसा वळतो आणि मागचा तारा एकदाच, सावकाश उजळून मंदावतो. विश्वातला न दिसणारा पदार्थ म्हणजे अशीच कृष्णविवरं का, हे त्यावरून कळणार होतं. एवढ्या लाखांत एकच तारा तसा उजळला. त्याच्यापायी बोग्नाने क्राकुफ शहरातली कायमची नोकरी नाकारली होती. नवरा आणि मुलगी तिथेच होते.

"मग खरा एकही नाही?"

"त्या जातीचा एकही नाही. तेच तर आता छातीठोकपणे सांगता येईल! जाळ्याला भोक नाही, हे तू दाखवून दिलंस."

शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, हे तिलाही कळत होतं. पण गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, एवढंच तिच्या मनात आलं.

"माझाच हात जरा जास्तच सफाईने फिरला होता," सर खुशीत बोलत होते. "इतका गुळगुळीत चढउतार खऱ्या ताऱ्याचा कुठे असतो? खरंच, तुला कधी संशय नाही आला?"

"आला होता, सर," बोग्ना म्हणाली. "क्राकुफला उत्तर कळवायचं होतं, त्याच दिवशी. म्हणून तर तुमच्याकडे आले होते. तुम्ही बसवलंत, चहा दिलात आणि म्हणालात, 'स्वतःचा तारा टाकून कुठे निघालीस?'"